गाजर गवताची खाज की गजकर्ण? आधी कारण ओळखा

पावसाळ्यात खुरपणीला वेग आला, की मानेवर, पापण्यांवर, हात दुमडतो तिथे खाज सुटल्याच्या तक्रारी वाढतात. बहुतेक जण गजकर्ण समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात. खरे कारण अनेकदा बांधावरच उभे असते, ते म्हणजे गाजर गवत.

मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली. काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावे. त्याच्या पाना-खोडांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे रसायन असते. ते कातडीला लागले, की काहींच्या शरीरात त्याची ॲलर्जी तयार होते. मात्र ती पहिल्याच दिवशी दिसत नाही. "आम्ही वर्षानुवर्षे हेच गवत उपटतोय, आताच कसे झाले?" असे शेतकरी विचारतात. अनेक वर्षे संपर्क आल्यावरच ॲलर्जी उमटते. एकदा जडली, की वाळलेल्या झाडाचा वाऱ्यावर उडालेला धुरळाही पुरतो.

ओळखायचे कसे? गजकर्णाचे चट्टे गोल, कडेला उठावदार, आत फिके असतात. ते बहुधा जांघेत व कमरेला येतात. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या येतात आणि घरातील इतरांनाही त्रास होतो. गाजर गवताची ॲलर्जी मात्र एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिचा भर उघड्या अंगावर असतो. उन्हाच्या त्रासात सहसा सुटणाऱ्या जागा, म्हणजे वरची पापणी, कानामागचा भाग, हनुवटीखालचा भाग, इथेही कातडी लाल, जाड व खरखरीत होते. काही दिवस परगावी राहिल्यावर आराम पडला आणि शेतात परतताच त्रास उलटला, तर संशय पक्का धरावा. अशांना शेवंती, सूर्यफुलाच्या संपर्कानेही त्रास होऊ शकतो, हे फूल उत्पादकांनी लक्षात ठेवावे.

मनाने ट्यूब लावणे सर्वांत घातक. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण चट्टा गजकर्णाचा असेल तर तो आतून पसरतो. चेहऱ्याची कातडीही पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करून कारण शोधतात. पट्टी सुमारे दोन दिवस ठेवावी लागते, तेवढी सवड काढावी.

ॲलर्जी असलेल्याने हे गवत उपटूच नये, हातमोजे घालूनही नाही. इतरांनी रबरी हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, जमिनीत ओल असताना, फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावे. एक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे फुले आल्यावर उपटलेले खतखड्ड्यात टाकू नये. घरी येताच साबणाने अंघोळ करावी, शेतातले कपडे वेगळे धुवावेत. पडीक जागी टाकळ्याचे बी फोकावे. तो गाजर गवताला दाबतो. १९८३ मध्ये मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगे पावसाळ्यात याची पाने फस्त करतात. ते दिसल्यास तिथे कीटकनाशक फवारू नये.