न गंजणाऱ्या गाडीचा गंज

झाशीत मे महिन्याच्या दुपारी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा वेळी कालवलेली पॉलिएस्टर राळ हाताळण्यास पुरती पाच मिनिटेदेखील मिळत नाहीत. ब्रश काचतंतूंच्या चटईवर टेकतो न टेकतो तोच डब्यातील राळ लापशीसारखी दाटते, मग रबरासारखी होते आणि शेवटी डबा हातात धरवत नाही इतका तापतो. त्यातून धूर निघू लागला की तो उघड्या जागी, मातीवर ठेवून दूर सरकण्यापलीकडे काही उपाय उरत नाही. घराच्या अंगणात एखादी जुनी फायबरच्या कायेची गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्या हौशी माणसाचा पहिला धडा बहुधा असाच वाया गेलेल्या डब्यापासून सुरू होतो.

बोलीभाषेत ज्याला नुसते ‘फायबर’ म्हटले जाते तो पदार्थ दोन परस्परविरोधी स्वभावांच्या द्रव्यांचा बनलेला असतो. काचेचा बारीक तंतू ओढीला अतिशय चिवट, पण एकटा असताना त्याला आकार नाही. राळेला हवा तो आकार देता येतो, पण ती एकटी ठिसूळ. बुंदेलखंडातील मातीच्या भिंतींत चिखलाबरोबर गव्हाचा भुसा तुडवून घालतात, त्यामागील विचार हाच आहे. साच्याच्या आतून प्रथम रंगीत राळेचा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. त्याला जेलकोट म्हणतात. त्यावर काचतंतूंच्या चटईचे दोन-तीन थर राळेत भिजवून बसवतात, आणि सर्व घट्ट झाले की साच्यातून काया वेगळी काढतात. यासाठी पत्रा दाबणारे अजस्र यंत्र लागत नाही. साचा, ब्रश, रूळ आणि कष्ट करण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. उत्तर भारतातील लहानमोठ्या शहरांत कूलरच्या पेट्या ज्या कौशल्याने बनतात, तेच कौशल्य मोटारीच्या कायेला लागते.

ही गोष्ट मोटारींच्या जगाला दुसऱ्या महायुद्धानंतर उमगली. कॅलिफोर्नियात काचतंतूंच्या नावा बांधणाऱ्या बिल ट्रिट यांनी ‘ग्लासपार’ नावाची दोन आसनी काया घडवली. १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट ही गाडी काचतंतूंच्या कायेत बाजारात आणली व पहिल्या वर्षी ३०० गाड्या तयार केल्या. परंतु या पदार्थाला खरे घरगुती वळण मिळाले ते ब्रिटनमध्ये. तेथे पूर्ण तयार गाडीवर जबर खरेदी कर होता. तीच गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकली, तर तो लागत नसे. त्यामुळे पगारदार तरुण जुन्या ऑस्टिन सेव्हनचा किंवा फोर्डचा सांगाडा अल्प किमतीत मिळवीत, त्याची सडलेली काया फेकून देत आणि त्यावर काचतंतूंची नवी, वाऱ्याला कापत जाणारी काया चढवीत. लोटस कंपनीच्या गाड्याही अशा संचांच्या रूपाने मिळत. गाडी कशी जोडावी याची पुस्तिका संचासोबत देण्यास बंदी होती, म्हणून ती कशी सुटी करावी हे छापून देत आणि ग्राहक ती शेवटाकडून वाचत, अशी एक आख्यायिका त्या मंडळींत आजही सांगितली जाते. १ एप्रिल १९७३ पासून ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि संचावरील सवलत संपली. शेजघरातल्या साठवणीवर आणि रविवारच्या घामावर उभी राहिलेली ती गाडी त्यानंतर मुख्यतः हौसेची वस्तू उरली.

भारतात संचातून गाडी जोडण्याची ही पद्धत रुजली नाही. मात्र तिची भावंडे येथे आली. बंगळूरच्या सिपानी उद्योगाने प्रथम ‘बादल’ ही तीनचाकी काढली आणि १९८२ मध्ये ब्रिटनच्या रिलायंट किटन या गाडीवर आधारलेली ‘डॉल्फिन’ बाजारात आणली. ८४८ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि काचतंतूंची हलकी काया यांमुळे ती चपळ होती आणि शर्यतीच्या मैदानातही चमकली. पण सामान्य गिऱ्हाईक हाताने ठोकून पाहता येईल असा पत्रा मागत होते; शिवाय १९८३ मध्ये मारुती आली. पुढे गोव्यात ‘सान स्टॉर्म’ ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी तयार होऊ लागली. तिची काया काचतंतूंची आणि इंजिन रेनो कंपनीचे होते. या गाड्या थोड्याच निघाल्या. त्यामुळे आज एखादी कुणाच्या गोठ्यात किंवा गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली सापडली, तर तिचे सुटे भाग दुकानात मिळण्याची आशा धरू नये. जे तुटले ते बहुतांशी हातानेच घडवावे लागते. सुदैवाने ज्या पदार्थाची काया, त्याच पदार्थाने ती दुरुस्त होते.

अशी गाडी विकणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो, ‘फायबर आहे, गंजत नाही.’ वाक्य खरे आहे आणि तेच ग्राहकाला फसवते. पत्र्याच्या गाडीत रोग बाहेरून दिसतो. रंग फुगतो, कडेला छिद्र पडते, मालक सावध होतो. काचतंतूंची काया मात्र वीस वर्षे आपला तुकतुकीतपणा राखते आणि तिच्या खाली लोखंडी सांगाडा मुकाट्याने खंगत असतो. चाकांनी उडवलेला चिखल काया आणि सांगाडा यांच्या फटींत साठतो, तेथे तो पावसाळाभर ओला राहतो, आणि नेमकी तीच जागा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गाडीखाली आडवे पडून लहान हातोडीने सांगाड्याची प्रत्येक नळी ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते; सडलेले ‘ठप्प’ असा बसका आवाज काढते. जेथे शंका येईल तेथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. चाकांचे आधार, आसनपट्ट्यांचे बोल्ट आणि काया बांधून ठेवणाऱ्या बाहेरच्या बाह्या या तीन जागी दयामाया नको. रंगावर खर्च करून सांगाडा तसाच ठेवणारा माणूस गाडी सजवीत नाही, अपघात सजवीत असतो.

गंजाचे आणखी एक आश्रयस्थान आहे. दरवाजांच्या बिजागऱ्या धरून ठेवण्यासाठी कायेच्या थरांतच लोखंडी पट्ट्या चिणलेल्या असतात. ओल तेथवर पोहोचली की पट्टी गंजून फुगते आणि थर आतून उकलते. बाहेर दिसते ती बिजागरीभोवतीची केसासारखी तडा. ती लुकणाने भरणारा कारागीर सहा महिन्यांनी पुन्हा भेटतो. पट्टी उकरून काढणे आणि नवी बसवणे हाच इलाज.

सांगाडा दुरुस्त करण्यासाठी काया उचलावी लागते. चार-सहा माणसे ती सहज उचलतात, आणि येथेच घाई नडते. बोल्टांनी सांगाड्याला जखडलेली असेपर्यंत काया ताठ असते. सुटी होताच ती ओल्या पुठ्ठ्यासारखी झोल खाते. म्हणून उचलण्यापूर्वी दोन्ही दरवाजांच्या चौकटींत, आडव्या आणि तिरप्या, लाकडी पट्ट्या पक्क्या बसवाव्यात. हे न करता महिनाभर विटांवर टेकवून ठेवलेली काया पुन्हा सांगाड्यावर बसते खरी, पण दरवाजे काही केल्या लागत नाहीत.

आता राळेकडे वळू. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हा माल तीन भांड्यांत मिळतो. मधासारखी राळ, जांभळे कोबाल्ट आणि पाण्यासारखे पारदर्शक हार्डनर. कोबाल्ट राळेत प्रथम नीट घोटून मिसळावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावे. कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा संयोग भडका घेतो, स्फोटही होतो. दोहोंसाठी माप वेगळे, बाटली ठेवण्याची फळीही वेगळी असावी. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावलेलाच असावा, आणि तरीही तसे घडलेच तर पाण्याने डोळा सतत धूत तातडीने रुग्णालय गाठावे. राळेचा उग्र वास बंद खोलीत डोके जड करतो. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल येथे उपयोगाचा नाही, धुळीसाठीचा मुखवटा हवा. घरात लहान मुले असतील तर हे काम राहत्या खोलीला लागून करू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण अनुभव असा की ती असते.

हार्डनरचे प्रमाण राळेच्या वजनाच्या एक ते दोन टक्के असते. उन्हाळ्यात राळ लवकर बसते म्हणून पुष्कळजण हार्डनर अगदी नाममात्र घालतात. ही बचत अंगलट येते. एक टक्क्याच्या खाली गेल्यास राळ वरून कडक भासते, आत कच्ची राहते, आणि ते कच्चेपण वर्षभराने रंगातून फुटून दिसते. त्यापेक्षा एका वेळी थोडीच राळ कालवावी, ती खोल डब्याऐवजी पसरट थाळीत ओतावी, आणि उन्हे चढण्यापूर्वी काम उरकावे. पावसाळ्यात काचतंतूंची चटई ओल धरते व राळ तिला नीट भिजवीत नाही. जानेवारीच्या पहाटे गारठ्याने राळ बसता बसत नाही. झाशीच्या पंचांगात या कामाचे खरे मुहूर्त दोनच, दसऱ्यानंतरचे सात-आठ आठवडे आणि होळीच्या आधीचे काही. कडक उन्हाळा सांगाड्याच्या वेल्डिंगला द्यावा, आणि उघडी काया त्या उन्हात तापू द्यावी. जुन्या थरांत मुरलेली ओल घालवण्यास त्याहून स्वस्त भट्टी नाही.

तडा बुजवताना एक नियम कळला की निम्मे काम झाले. बळकटी नेहमी मागच्या बाजूने द्यायची. तड्याच्या दोन्ही बाजू मागून घासून उताराने पातळ करीत न्याव्यात. उतार थराच्या जाडीच्या दहा-बारा पट लांब असावा. खडबडीत केलेली जागा ॲसिटोनने पुसून तिच्यावर चटईचे तुकडे, प्रथम लहान मग मोठे, असे राळेत बसवावेत आणि रुळाने आतली हवा पिटाळावी. राहिलेला हवेचा बुडबुडा म्हणजे पुढचा तडा. पुढून केवळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच पाडून भरायची असते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्या एकाच बिंदूपासून फाकलेल्या दिसल्या तर आतून कधीतरी धक्का बसला आहे असे समजावे. जुना रंग काढताना पत्र्यासाठी मिळणारे रासायनिक द्रावण वापरू नये, ते रंगाबरोबर जेलकोटही खाते. पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन बसावे. कंटाळवाणे आहे, पण याला तोड नाही.

विजेच्या बाबतीत नवख्याची हमखास फसगत होते. पत्र्याची काया ही स्वतःच वीज परत नेणारी तार असते, दिव्याचे एक टोक तिला टेकवले की मंडल पूर्ण. काचतंतूंतून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला, भोंग्याला, इंधनमापकाला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते. डावा इशारादिवा लावला की मागचा तांबडा दिवाही लुकलुकतो, अशा गूढ तक्रारींचे मूळ दहांत नऊ वेळा गंजलेल्या परतीच्या तारेत सापडते. इंधननळ्याही याच वेळी बदलाव्यात. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले असून जुन्या रबराला ते मानवत नाही. आणि गळक्या पेट्रोलाने पेट घेतला तर राळेची काया धडाडून जळते.

किती बदलावे हा प्रश्न मात्र हत्यारांनी सुटत नाही. हाताने घडवलेल्या कायेच्या दोन बाजू पुष्कळदा तंतोतंत सारख्या नसतात. डावी कमान उजवीहून बोटभर उंच असते, आतल्या पृष्ठभागावर पहिल्या कारागिराच्या ब्रशाचे फराटे, क्वचित अंगठ्याचा ठसाही दिसतो. सफाईच्या नादात हे सर्व घासून टाकणारा माणूस गाडी नवी करतो, पण जी वाचवायला निघाला होता ती हरवून बसतो. कायदाही येथे मध्ये येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. परंतु ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्या सांगाड्यात, कायेत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आणि प्रदर्शने, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, देखभाल अशा कारणांखेरीज ती रोजच्या रहदारीत नेता येत नाही. १९८२ च्या डॉल्फिनला या वर्गात बसण्यासाठी २०३२ पर्यंत थांबावे लागेल. तोवर सडलेल्या सांगाड्याचा प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, मोजमाप वहीत टिपावे आणि जेवढे सडले तेवढेच बदलावे. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक असलेला भाग तर शक्यतो हातच न लावता राखावा.

दुरुस्त झालेली काया लगेच रंगवायची नसते. ताजी राळ कित्येक आठवडे हळूहळू आकसत राहते, आणि घाईने दिलेल्या रंगाखाली चटईची वीण उमटून दिसू लागते. दसऱ्यानंतर राळकाम संपवून काया अंगणात छपराखाली तशीच ठेवावी. जानेवारीचे धुके सरले की एखाद्या सकाळी कोरड्या हाताने ती चाचपावी. जेथे बोटाला उंचवटा लागेल तेथे पुन्हा पॉलिश पेपर फिरवावा, आणि मग पहिला प्रायमर द्यावा.