नवा कॉम्प्युटर, रखडणारं डायल-अप: आधी वायर तपासा

विंडोज ९८ च्या काळात नवाकोरा कॉम्प्युटर घरी यायचा, मोडेमच्या खोक्यावर ‘५६ के’ छापलेलं असायचं आणि तरी वेबपान रखडत उघडायचं. लोक लगेच रॅम वाढवायला निघायचे. माझं ठाम मत असं की, दोष बहुतेक वेळा टेलिफोनच्या वायरीत असायचा. १९९८ च्या व्ही.९० मानकात ५६ किलोबिट ही फक्त डाउनलोडची कमाल मर्यादा, अपलोड ३३.६ वरच थांबायचा. त्यातही एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची जोडी स्वच्छ हवी. समांतर जोडलेला दुसरा फोन, गंजलेलं सॉकेट, नुसता पिळून टेप गुंडाळलेला जोड, एवढ्यानेही खरखर वाढते आणि मोडेम आपणहून वेग उतरवतो. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबायचा; डायलटोन थांबल्यावर खरखर ऐकू आली, तर निदान झालंच.

‘पण स्क्रीनवर तर १,१५,२०० दिसतं!’ तो वेग कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या पोर्टचा, लाइनचा नव्हे. ‘जुना कॉम्प्युटर याच लाइनवर पळायचा’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्वस्त सॉफ्टमोडेम सिग्नलचं गणित प्रोसेसरवर टाकायचे. तिथे ड्रायव्हर बदलणं खरंच उपयोगी पडायचं. शिवाय ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे जोडणी ४८ किलोबिटला झाली तरी सेकंदाला जेमतेम ६ किलोबाइट. जुनं मशीन पुन्हा जोडणार असाल, तर बाकीचे फोन काढा, मोडेम थेट पहिल्या सॉकेटला लावा आणि मगच ड्रायव्हरला हात घाला.