आगगाडी चुकली, गाव वाचले

रशियाचे ‘सुवर्णवलय’ जन्माला आले तेच मुळी मोटारीतून. १९६७ साली युरी बिचकोव्ह हा पत्रकार ‘सोव्हिएत्स्काया कुल्तुरा’ या वृत्तपत्रासाठी सुझ्दल गावावर लिहायला म्हणून मॉस्कोतून मॉस्कविच गाडीने निघाला. गेल्या वाटेनेच परत येणे त्याला पटले नाही. म्हणून तो यारोस्लाव्हलच्या बाजूने वळसा घालून घरी आला. नकाशावर त्या वाटेचे एक कडे झाले. चर्चचे सोनेरी घुमट तर वाटेत जागोजाग होतेच. त्याच्या लेखमालेला ‘झोलोतोये कोल्त्सो’ म्हणजे सोनेरी कडे हे नाव मिळाले आणि पुढे सरकारी पर्यटन खात्याने ते उचलले. सर्गियेव्ह पोसाद, पेरेस्लाव्हल-झालेस्की, रोस्तोव्ह, यारोस्लाव्हल, कोस्त्रोमा, इवानोवो, सुझ्दल आणि व्लादिमिर ही त्यातली आठ मुख्य शहरे. मॉस्कोहून निघून मॉस्कोला परत येईपर्यंत साधारण ७०० किलोमीटर होतात.

एवढे अंतर तर रेल्वेनेही होईल, मग परक्या देशात, रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवायची उठाठेव कशाला? याचे उत्तर १९व्या शतकातल्या रेल्वेच्या नकाशात आहे. मॉस्को ते निझ्नी नोव्हगोरोद हा लोहमार्ग १८६२ साली पूर्ण झाला. तो व्लादिमिरवरून गेला आणि तिथून तीसेक किलोमीटरवर असलेले सुझ्दल बाजूला पडले. यारोस्लाव्हलची रेल्वे १८७० साली धावू लागली, पण ती अलेक्सांद्रोव्हवरून नेली, त्यामुळे जुन्या हमरस्त्यावरचे पेरेस्लाव्हल सुटले. १८७१ साली रेल्वे व्होल्गाकाठच्या किनेश्मापर्यंत पोचली आणि प्ल्योस या नदीबंदराचा व्यापार बसला. त्या काळी ही तिन्ही गावे हळहळली असणार. पण रेल्वे नाही म्हणून कारखाने फारसे आले नाहीत, कारखाने नाहीत म्हणून उंच इमारती उठल्या नाहीत. आज जे पाहायला जायचे ते नेमके याच गावांत उरले आहे आणि तिथे जायला चार चाके लागतात. प्रवासाचा बेत आखताना मी रेल्वेचा नकाशा समोर ठेवायला सांगेन आणि जिथे रूळ दिसत नाहीत तिथे मुक्काम करायला.

आधी कागदपत्रे. भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. तो ठरावीक विमानतळांवर आणि सीमाचौक्यांवरच चालतो. मुक्कामाची मुदत मध्यंतरी बदलली आहे, तेव्हा अर्ज करतानाचा नियमच खरा माना. आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढा, मूळ लायसन्स सोबत ठेवा आणि त्याचे रशियन भाषांतर नोटरीकडून करून घ्या. वाटेत पोलिसाने गाडी थांबवली तर तेच वाचले जाईल. गाडी भाड्याने घेताना ‘ओसागो’ हा सक्तीचा विमा त्यात आहे ना आणि टोलचे पैसे कसे वळते होणार, हे दोन प्रश्न विचाराच. काही नव्या रस्त्यांवर टोलनाकाच नसतो. कॅमेरा नंबर टिपतो, पैसे नंतर भरायचे असतात. न भरल्यास दंडाची पावती गाडीच्या मालकाकडे जाते आणि मालक ती तुमच्या अनामत रकमेतून वसूल करतो.

पैशांचे गणित याहून अवघड आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातले काम थांबवले, त्यामुळे भारतात मिळालेली त्यांची कार्डे तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्यायच्या आणि मॉस्कोतल्या बँकेत रूबल करून घ्यायचे. खोल्यांची नोंदणीही नेहमीच्या परदेशी संकेतस्थळांवरून होत नाही. युद्धाची झळ प्रवाशाला आणखी एका तऱ्हेने लागते. ड्रोनच्या भीतीने विमानतळ काही तास बंद ठेवतात, कधी मोबाइल इंटरनेट बंद होते, मॉस्कोत तर फोनमधला जीपीएस गाडी भलत्याच ठिकाणी दाखवतो. म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कागदी नकाशाही जवळ असू द्या आणि परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा सोडा. आपल्या दूतावासाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. आताच जावे की परिस्थिती निवळेपर्यंत थांबावे, हे ज्याने त्याने ठरवायचे. बेत मात्र आज आखून ठेवायला हरकत नाही.

गाडी चालवण्याचे नियम अवघड नाहीत. वाहतूक उजवीकडून चालते. गावात ताशी ६०, बाहेर ९० आणि मोटारवेवर ११० ही वेगमर्यादा. दिवसासुद्धा दिवे लावायचे. माणसाने झेब्रा पट्ट्यावर पाऊल टाकले की थांबायचेच. आपल्याकडची सवय तिथे सर्वांत आधी इथेच नडते. पेट्रोल पंपावर बहुधा आधी पैसे द्यायचे, मग भरायचे. खिडकीशी जाऊन पंपाचा क्रमांक, लिटर आणि ९२ की ९५ एवढे सांगितले की काम होते. रशियन लिपी मात्र एक संध्याकाळ बसून शिकाच. इंग्रजी पीसारखे दिसणारे अक्षर तिथे ‘र’ असते, एचसारखे दिसणारे ‘न’, सीसारखे ‘स’. हमरस्त्यावरच्या पाट्या दोन्ही लिप्यांत असतात, गल्लीबोळांत नसतात.

वार कुठला धरायचा, यावर बरेच अवलंबून आहे. शुक्रवारी संध्याकाळी अर्धे मॉस्को ‘दाचा’कडे, म्हणजे गावाबाहेरच्या आपापल्या घरांकडे निघते आणि रविवारी संध्याकाळी परतते. त्या दोन वेळांना हमरस्त्यावर जाऊ नये. सुझ्दल शनिवार-रविवार गजबजते, खोल्यांचे भाव चढतात. संग्रहालयांची सुट्टी गावागावाप्रमाणे बदलते, कुठे सोमवार, कुठे मंगळवार. त्यावर महिन्यातून एक ‘सानितार्नी देन’, म्हणजे साफसफाईचा दिवस. बेत रविवारी सकाळी सुरू केला तर शहराबाहेर जाणारा रस्ता रिकामा मिळतो, सुझ्दल आठवड्याच्या मधोमध पडते आणि शनिवारी परत येता येते. मे ते सप्टेंबर हा हंगाम. त्यातही सप्टेंबर मला पसंत, डास ओसरलेले आणि बर्चची पाने पिवळी पडू लागलेली. हिवाळ्यात बर्फातले घुमट सुंदर दिसतात खरे, पण दिवस सात तासांचा आणि रस्ता निसरडा. बर्फावर गाडी चालवायची सवय नसलेल्याने तो नाद करू नये.

मॉस्को शहरात गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरवून टाका. शेरेमेत्येवो विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे. तिथेच गाडी घेऊन बाह्यवळणाने एम-८ हमरस्ता गाठता येतो. सत्तरेक किलोमीटरवर सर्गियेव्ह पोसाद लागते. १४व्या शतकात संत सर्गियस यांनी स्थापलेला इथला मठ रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे मोठे पीठ आहे. १६०८ ते १६१० अशी सोळा महिने त्याने पोलिश-लिथुआनियन सैन्याच्या वेढ्याला दाद दिली नाही. सोव्हिएत काळात गावाचे नाव बदलून झागोर्स्क केले होते, ते १९९१ मध्ये पुन्हा पूर्ववत झाले. इथे भाविक खरोखर दर्शनाला येतात, रांगा लागतात. बायकांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा, पुरुषांनी टोपी काढायची. आपल्याकडच्या उलटसुलट रिवाजांची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये.

पेरेस्लाव्हलला पहिला मुक्काम करा. तळ्याकाठी तटाच्या मातीच्या उंच बांधाआड ११५२ साली सुरू झालेले पांढऱ्या दगडाचे चर्च आहे. ठेंगणे, जवळजवळ अलंकाररहित आणि म्हणूनच लक्षात राहणारे. प्लेश्चेयेवो तळ्यात किशोरवयीन पीटरने, पुढच्या पीटर द ग्रेटने, १६८८ पासून लुटुपुटीचे आरमार बांधले. पुढे रशियाचे खरे आरमार उभारल्यावर १७२२ मध्ये तो इथे आला, तेव्हा त्या नावा कुजत पडल्या होत्या. संतापून त्याने त्या जपण्याचा हुकूम सोडला. तरीही १७८३ च्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. वाचलेल्या ‘फोर्तुना’ नावेसाठी १८०३ साली संग्रहालय बांधले, ते आजही उघडे आहे.

रोस्तोव्हचे नाव ८६२ सालच्या नोंदीत सापडते. तिथला क्रेमलिन, म्हणजे तटबंद किल्ला, मात्र १७व्या शतकातला आणि तोही लढाईसाठी नव्हे, तर मेट्रोपॉलिटन इयोना या धर्मगुरूच्या थाटासाठी बांधलेला. इथला घंटामनोरा चुकवू नका. त्यातल्या मोठ्या घंटेला इयोनाने आपल्या वडिलांचे नाव दिले आहे, सिसोय. वजन सुमारे ३२ टन. यारोस्लाव्हल हे वलयातले सर्वांत मोठे शहर, १०१० मध्ये स्थापन झालेले. एलिया प्रेषिताच्या चर्चमध्ये छतापासून खालपर्यंत १६८०-८१ ची भित्तिचित्रे आहेत आणि बायबलच्या प्रसंगांत रशियन शेतकरी कापणी करताना दिसतात. त्यासाठी दोन तास काढा. व्होल्गा आणि कोतोरोस्ल यांच्या संगमावर फिरून या आणि पुढे चला. मोठ्या शहरात गाडी ही सोय नसते, लोढणे असते.

कोस्त्रोमाला इपात्येव्ह मठ आहे. १६१३ साली सोळा वर्षांच्या मिखाइल रोमानोव्हला इथे येऊन राजपद घेण्याची गळ घातली आणि रोमानोव्ह घराण्याची ३०० वर्षे सुरू झाली. तिथून इवानोवोकडे सरळ न जाता प्ल्योसकडे वळायचे. टेकडीवरचे लाकडी घर, खाली संथ व्होल्गा आणि १८८८ ते १८९० च्या उन्हाळ्यांत तिथे राहून चित्रे काढणारा इसाक लेव्हितान. व्यापार संपलेल्या या गावाला त्याच्या चित्रांनी नवे गिऱ्हाईक मिळवून दिले. इवानोवो हे गिरण्यांचे शहर. १९०५ च्या संपातल्या कामगार सोव्हिएतसाठी, म्हणजे कामगारांच्या परिषदेसाठी, त्याचे नाव इतिहासात आहे. गिरणगावाविषयी ममत्व असलेल्यांनी जरूर थांबावे, इतरांनी पेट्रोल भरून निघावे.

सुझ्दलला दोन रात्री हव्यातच. १०२४ पासूनचे उल्लेख असलेले हे गाव दहाएक हजार वस्तीचे. बुटकी घरे, भाजीचे वाफे, कामेन्का नदीचे वळण आणि जिकडे पाहावे तिकडे घुमट. क्रेमलिनमधल्या कॅथेड्रलचे घुमट निळे, त्यांवर सोनेरी तारे. पण सुझ्दलचा इतिहास या चित्रासारखा गोजिरा नाही. पुत्र होत नाही म्हणून राजा तिसरा वासिली याने १५२५ साली राणी सोलोमोनियाला संन्यास घ्यायला लावला आणि तिला इथल्या मठात ठेवले. येवफिमी मठात सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात धर्मद्रोह्यांसाठी तुरुंग निघाला. स्टालिनग्राडला शरण आलेला जर्मन फील्डमार्शल पाउलुस यालाही १९४३ मध्ये काही काळ याच आवारात ठेवले होते. त्याच मठात ठरावीक वेळी घंटावादन होते, ते मिळेल असे पाहा.

शाकाहारी मंडळींनी पदार्थांच्या यादीत ‘पोस्त्नोये’ हा शब्द शोधावा. ऑर्थोडॉक्स उपासाचे हे पदार्थ, त्यांत मांस, दूध, अंडी नसतात. मासा मात्र काही दिवशी चालतो, म्हणून विचारून घ्यावे. ग्रेच्का म्हणजे उत्तर भारतात उपासाला खातात तो कुट्टू, भातासारखा शिजवलेला. मठांच्या दुकानांतली कोबीची किंवा बटाट्याची पिरोझ्की प्रवासात फार उपयोगी. सुझ्दलच्या लोणच्याच्या काकड्या आणि मेदोवुखा हे मधाचे पेय प्रसिद्ध आहेत. मेदोवुखात मद्यार्क असतो, तेव्हा गाडीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊनच चव घ्या.

व्लादिमिरमध्ये ११६४ चे सुवर्णद्वार आणि चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्हची १४०८ मधली भित्तिचित्रे आहेत. पण वेळ राखून ठेवा तो शेजारच्या बोगोल्युबोवोसाठी. तिथे गाडी उभी करून गवताळ कुरणातून दीडेक किलोमीटर चालत गेले की नेर्ल नदीजवळचे पोक्रोव्ह चर्च येते, ११६५ च्या सुमाराचे. पुराच्या मैदानात मुद्दाम रचलेल्या टेकाडावर ते उभे आहे. वसंतात बर्फ वितळले की चहूबाजूंनी पाणी भरते. १७८४ साली दगडांसाठी ते पाडायचे ठरले होते, मजुरीचा सौदा जमला नाही म्हणून वाचले असे सांगतात. माझ्या मते संपूर्ण वलयात याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

एखादा दिवस शिल्लक असेल तर मराठी माणसाने तो मॉस्कोच्या वायव्येला असलेल्या त्वेरसाठी वापरावा. १५व्या शतकात अफानासी निकितिन हा व्यापारी इथूनच निघून चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला, तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि अखेर दाभोळहून तो परतीच्या जहाजात बसला. घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी १९५५ साली उभारलेला त्याचा पुतळा आहे.

आणि ज्यांच्या हाती तीनच दिवस आहेत त्यांनी कडे पुरे करण्याचा हट्ट सोडावा. मॉस्कोहून रेल्वेने व्लादिमिर गाठा, तिथे गाडी ठरवा, दोन रात्री सुझ्दलला राहा आणि एक सकाळ नेर्लला द्या. उरलेली सहा शहरे पुढच्या खेपेला.