पत्र आले, पण घाई नको!

पोस्टमनच्या हाकेची वाट पाहिलेली माणसे अजून आपल्या घरोघरी आहेत. पाकिटावरचे अक्षर पाहून आत कोणाचे पत्र आहे हे ती ओळखत आणि पोस्टाचा शिक्का पाहून ते कोठून निघाले हे सांगत. त्याच माणसांच्या हाती आता नातवंडांनी मोबाइल दिला आहे व ‘आजी, आता सगळी पत्रे यावरच येतील’ एवढे सांगून ती आपल्या कामाला निघून गेली आहेत. पत्रे येतात खरी. पण अक्षर ओळखीचे नसते, शिक्का दिसत नाही. वाचणारा बावरतो, आणि नेमक्या या बावरण्यावरच काही लोकांचा धंदा चालतो.

या लेखात यंत्राचे शास्त्र सांगावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच, की या नव्या टपालात सभ्यता आणि सावधपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. दोहोंचे मूळ एकच आहे: बोट लावण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय.

पाठवणारा कोण?

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने संगणकांच्या जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे निरोप पाठवला. माणसाचे नाव व त्याचे ठिकाण यांच्यामध्ये त्याने वेटोळ्यातला ‘ए’ घातला. आपण त्याला ‘ॲट’ म्हणतो. आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, आणि तो वेटोळ्यातला ‘ए’ हळूहळू आपल्याही घरात आला.

या चिन्हाच्या आधी असते ते नाव व नंतर असते ते जणू पोस्ट ऑफिस. मात्र पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत जे नाव दिसते ते पाठवणाऱ्याने स्वतःच लिहिलेले असते. पाकिटाच्या मागे कोणीही ‘प्रेषक: बँक मॅनेजर’ असे लिहू शकतो, त्याने तो मॅनेजर होत नाही! म्हणून ठळक नावावर बोट ठेवून त्याखालचा पूर्ण पत्ता वाचावा. बँकेचे पत्र एखाद्या खासगी, फुकटच्या पत्त्यावरून आले असेल तर ते बँकेचे नव्हे, हे ओळखावे. पत्ता बरोबर दिसला तरी पत्रातल्या लिंकवरून बँकेत जाऊ नये, कारण पत्त्याचीही नक्कल होते. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करावा.

याबाबतीत एक सोय अलीकडेच झाली आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ अशा शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत यावे आणि तिच्या अगदी आधी हा शेवट आहे का, ते पाहावे. मध्येच कोठे तरी बँकेचे नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

मुख्य दाराची किल्ली

ई-मेलचे खाते म्हणजे केवळ पत्रपेटी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती घराच्या मुख्य दाराची किल्ली आहे. दुसऱ्या एखाद्या खात्याचा पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड ठरवण्याचे पत्र येते ते याच पेटीत. तेव्हा ही पेटी ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती बाकीचीही कपाटे जातात.

म्हणून या खात्याचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये. तो लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर तो लक्षातही राहतो. मुलाचे नाव व जन्मसाल यांची जोडी मात्र नको. ती साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक असते. आठवण राहत नसेल तर वहीत लिहून ती वही कुलपात ठेवावी. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरे. शिवाय खात्याला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. मग पासवर्ड कोणाला कळला तरी दुसऱ्या खुणेवाचून दार उघडत नाही. आणि फोनवर येणारा ओटीपी? तो पोटच्या पोरानेही मागितला तर आधी त्याचा आवाज ऐकावा, कारण विचारावे. परक्याने मागितला तर उत्तर एकच: नाही.

लिहिणाऱ्याची रीत

आपल्याकडे वडिलांना ‘शिरसाष्टांग नमस्कार’ व धाकट्यांना ‘अनेक आशीर्वाद’ लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नसे. तेवढा पसारा आता नको. पण ‘नमस्कार’ या एका शब्दाला वेळ लागत नाही. विषयाच्या ओळीत विषय लिहावा. ‘अर्जंट’ हा विषय नव्हे. ‘शनिवारच्या सभेची वेळ बदलली’ हा विषय. अनोळखी माणसाला लिहिताना आपण कोण हे पहिल्या दोन ओळींत सांगावे व शेवटी आपले पूर्ण नाव द्यावे. इंग्रजीत लिहिताना सारी अक्षरे मोठी काढू नयेत. वाचणाऱ्याला ते ओरडल्यासारखे वाटते. ‘पत्र पावले’ असे पूर्वी कळवीत. आजही ‘मिळाले, सोमवारी सविस्तर लिहितो’ एवढी एक ओळ पाठवली तर समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

‘सीसी’ म्हणजे टाइपरायटरवरची कार्बन प्रत. तेथे घातलेले पत्ते सर्वांना दिसतात. ‘बीसीसी’मध्ये घातलेले मात्र एकमेकांना दिसत नाहीत. सोसायटीच्या साठ कुटुंबांना सत्यनारायणाचे आमंत्रण करावयाचे असेल तर पत्ते ‘बीसीसी’त घालावेत. आमंत्रण पूजेचे असते, शेजाऱ्यांचे पत्ते वाटण्याचे नव्हे. तीच गोष्ट ‘सर्वांना उत्तर’ या बटणाची. ‘आम्ही दोघे येतो’ हे यजमानाला कळले की पुरे.

रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर ठेवावे. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र परत घेण्याची सोय आहे, पण ती फार तर तीस सेकंदांची. राग काही तीस सेकंदांत उतरत नाही! कोणी आजाराचा रामबाण उपाय किंवा खळबळजनक बातमी पाठवली, तर ती पुढे ढकलण्यापूर्वी ‘हे खरे आहे का?’ असे स्वतःला विचारावे. आणि दुसऱ्याच्या मुलाबाळांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय चारचौघांत मांडू नयेत.

प्रत्येक निरोपाची तार करणारे

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तार आली म्हटल्यावर काळजात होणारे धस्स पुष्कळांना आठवत असेल. भामटे आज प्रत्येक निरोपाची तार करून पाठवतात. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’, ‘खाते संध्याकाळपर्यंत बंद होईल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’. कधी भीतीऐवजी आनंदही असतो. लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारा प्रोग्रॅम असतो. पत्रिका चित्र असते. ती काही ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही.

यातला सर्वांत क्रूर प्रकार ‘डिजिटल अटक’ हा. गणवेशातला माणूस व्हिडिओवर येतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो, आणि ‘चौकशीसाठी’ आयुष्याची पुंजी दुसऱ्या खात्यात भरावयास लावतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. या साऱ्या निरोपांच्या दोन खुणा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात: ‘लगेच करा’ आणि ‘कोणाला सांगू नका’. ही दोन वाक्ये एकत्र ऐकू आली की फोन ठेवून द्यावा व घरातल्या माणसाला हाक मारावी. आणखी एक: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत.

लाज कसली?

एवढे करूनही फसवणूक झालीच तर? येथेच खरा घात होतो. मुलगा रागावेल, सून काय म्हणेल, या विचाराने माणूस दोन दिवस गप्प बसतो. आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाऊन नाहीसे होतात. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन केला तर पैसे पुढे सरकण्यापूर्वी बँकेला अडवता येण्याचा संभव असतो. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. आपल्या बँकेलाही त्याच क्षणी कळवावे. येथे घाई करावी. ही एकच जागा घाईची!

आणि घरातल्या तरुणांनो, ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. सुशिक्षित, निवृत्त अधिकारी, डॉक्टर असे लोकही या सापळ्यात सापडले आहेत. आज तुम्ही रागावलात तर पुढच्या वेळी वडील तुमच्यापाशी येणारच नाहीत, आणि भामट्याला हवे असते ते नेमके हेच.

या दिवाळीत फराळाचे ताट संपले की घरातल्या वडील माणसांजवळ तासभर बसा. त्यांच्या फोनवर दुहेरी पडताळणी लावून द्या, १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, आणि त्यांच्याच हातून एका दूरच्या नातलगाला दिवाळीचे पत्र लिहवून घ्या. वेळ लागेल, लागू द्या. तुमच्या हातात प्रथम पाटी-पेन्सिल देताना त्यांनीही घाई केली नव्हती.