ज्येष्ठांची बद्धकोष्ठता : वयाचा दोष मानून गप्प बसू नका

‘पोट साफ होत नाही’ ही आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची नेहमीची तक्रार. संकोचामुळे ती डॉक्टरांपर्यंत सहसा पोहोचत नाही. चूर्णाची डबी मात्र उशाशी येते. पोटाचा भरवसा वाटेनासा झाला की काही ज्येष्ठ लग्नकार्य, प्रवास, एवढेच काय, रविवारच्या मिस्सालाही जाणे टाळू लागतात. म्हणून या विषयाची योग्य माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

बद्धकोष्ठता कशास म्हणावे?

रोज शौचास झालेच पाहिजे, हा समज खरा नाही. दिवसातून ३ वेळांपासून आठवड्यातून ३ वेळांपर्यंत कोणतेही प्रमाण सर्वसाधारण मानले जाते. याहून कमी वेळा शौचास होणे, मल खड्यासारखा कठीण असणे, कुंथावे लागणे, पोट पूर्ण रिकामे न झाल्याची भावना राहणे, ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत.

‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ हा याहून वेगळा विकार आहे. यात तपासणीत आतडे निरोगी दिसते; परंतु त्याची हालचाल व संवेदना बिघडलेली असते. आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे आणि कधी जुलाब तर कधी मलावरोध होणे, असे त्याचे स्वरूप असते. हा विकार बहुधा तरुण वयात सुरू होतो. पन्नाशीनंतर अशा तक्रारी प्रथमच उद्भवल्यास तपासणीवाचून त्यांना हे नाव देणे धोक्याचे आहे.

कारणे कोणती?

केवळ वय हे कारण नव्हे. दात नसल्याने भाजी-फळे कमी खाल्ली जातात, रात्री उठावे लागेल या भीतीने पाणी कमी प्यायले जाते, हालचाल मंदावते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता व पार्किन्सनचा आजार यांमुळेही आतडी मंद होतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची काही औषधे आणि ॲल्युमिनियमयुक्त ॲन्टासिड हीसुद्धा कारणीभूत ठरतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधे बरोबर न्यावीत. मात्र स्वतःहून कोणतेही बंद करू नये.

एक फसवे लक्षण लक्षात ठेवावे. गुदाशयात कठीण मल साचून राहिला की त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि ते थांबवणारी गोळी दिली जाते. त्यामुळे आतील अडथळा अधिकच वाढतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांबाबत ही शक्यता विशेष असते.

उपाय काय करावेत?

जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते व सकाळी ती अधिक जोमदार असते. त्यामुळे न्याहारीनंतर ठरावीक वेळी ५ ते १० मिनिटे शांतपणे शौचास बसावे. कमोडवर बसताना पायांखाली लहान पाट किंवा स्टूल ठेवल्यास गुडघे कमरेपेक्षा उंच राहतात व मल सुलभतेने बाहेर पडतो. वेग आल्यावर तो दाबू नये. रोज झेपेल तितके चालावे.

आहारात पालेभाज्या, पपई, पेरू, भिजवलेले अंजीर व मनुका असाव्यात. चोथा हळूहळू वाढवावा. एकदम वाढवल्यास पोट फुगते. इरिटेबल बॉवेल असलेल्यांना गव्हाचा कोंडा, कडधान्ये, कांदा व लसूण अनेकदा मानवत नाहीत. त्यांना इसबगोल अधिक सोसते. एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे, वर आणखी पाणी घ्यावे. गिळण्यास त्रास असल्यास किंवा मल साचून अडथळा झाला असल्यास ते घेऊ नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांसारखी मल मऊ ठेवणारी औषधे देतात. योग्य देखरेखीखाली ती दीर्घकाळ घेता येतात. मूत्रपिंड अशक्त असल्यास मॅग्नेशियमयुक्त रेचक टाळावे. गिळण्यास त्रास असलेल्यांनी लिक्विड पॅराफिन घेऊ नये. ते श्वासमार्गात जाऊन फुप्फुसास इजा होऊ शकते.

विलंब केव्हा करू नये?

मलातून रक्त जाणे, मल काळा होणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला नवा बदल किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्यावी. मूळव्याध असेल, असे गृहीत धरू नये. आतड्याचा कर्करोग वेळीच सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. पोट फुगून उलट्या होत असतील व वायूही सरत नसेल, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

मुला-सुनांनी ‘आज जेवलात का?’ या प्रश्नाबरोबरच ‘पोट साफ झाले का?’ हेही आपुलकीने विचारावे. अनेक ज्येष्ठ या एका प्रश्नाचीच वाट पाहत असतात.