गाडीत नेव्हिगेशन बसवायचंय: ऑनलाइन घ्यावं की दुकानातून?

गाडीचं साधं मॉडेल घेतलं, त्यात रस्ता दाखवणारी स्क्रीन नाही, आणि गणपतीला कोकणात जायचं ठरलंय. मग घरात शोध सुरू होतो. फोनवर एक किंमत दिसते, कोपऱ्यावरचा कार-ॲक्सेसरीजवाला त्याहून बरीच जास्त सांगतो, आणि दुकानदार आपल्याला फसवतोय असं वाटायला लागतं. कधी तो खरंच फसवत असतो. पण बहुतेक वेळा त्या दोन किमती एकाच गोष्टीच्या नसतात. ऑनलाइन किंमत खोक्यातल्या वस्तूची असते; दुकानदाराची किंमत ती वस्तू गाडीत बसून चालू होईपर्यंतची असते.

म्हणून माझं मत आधीच सांगायला हवं. काचेला किंवा डॅशबोर्डला चिकटवायची सुटी वस्तू ऑनलाइन बिनधास्त घ्यावी. डॅशबोर्डच्या आत बसणारी स्क्रीन मात्र जो ती बसवून देणार आहे, त्याच्याकडूनच घ्यावी. आता क्रमाने बघू.

सर्वात आधी, आपल्याला नवं काही घ्यायची गरज आहे का ते तपासा. गाडीत आधीच टचस्क्रीन असेल, तर तिच्यात अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले आहे का बघा. या सोयींमुळे आपल्या फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दिसतो. बऱ्याच गाड्यांत ही सोय असूनही वापरली जात नाही, कारण घरातली केबल फक्त चार्जिंगची असते. डेटा वाहून नेणारी चांगली केबल घेतली की काम होतं.

स्क्रीन नसेल, तर फोन आणि एक भक्कम होल्डर हाही पुरेसा पर्याय आहे. २०२०मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. तेव्हा फोन होल्डरमध्ये, नजरेच्या जवळ, पण समोरचा रस्ता झाकणार नाही असा हवा. बोलण्यासाठी फोन हातात धरणं हा गुन्हाच आहे.

तिसरा प्रकार म्हणजे सुटं सॅटनॅव्ह, म्हणजे फक्त रस्ता दाखवण्यासाठी बनवलेलं छोटं यंत्र. गार्मिन आणि टॉमटॉम यांची अशी यंत्रं परदेशात वर्षानुवर्षं वापरली गेली. लंडनहून किंवा न्यू जर्सीहून भाऊ किंवा भाची वापरलेलं यंत्र घेऊन येते आणि इथे सुरू केल्यावर त्यात भारताचा नकाशाच नसतो. अशा यंत्रातले नकाशे प्रदेशानुसार घातलेले असतात. आणायला सांगण्याआधी त्यात भारताचा नकाशा आहे का, नसल्यास विकत मिळतो का आणि त्याचे अपडेट किती काळ मिळणार, हे विचारून घ्या.

चौथा आणि आपल्याकडे सध्या सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे अँड्रॉइड स्टीरिओ. जुना म्युझिक प्लेअर काढून त्याजागी बसवायची मोठी टचस्क्रीन. गोंधळ जास्त होतो तो इथेच, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याबद्दल.

घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. जीपीएस आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि त्यांतल्या किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा ठरते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, वर मोकळं आकाश लागतं. नकाशाचं चित्र आणि वाहतूक कोंडीची माहिती मात्र इंटरनेटवरून येते. वरंध घाटात किंवा ताम्हिणीत मोबाइलची रेंज गेली तरी गाडीचा ठिपका सरकत राहतो. त्याच्या मागचा नकाशा तेवढा कोरा पडतो. त्यावर उपाय सोपा आहे: निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायचा.

यावरून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न मिळतो. या स्क्रीनला स्वतःचं सिम कार्ड लागतं की फोनचं हॉटस्पॉट? सिम लागत असेल तर दर महिन्याला एक जादा रिचार्ज आला. ऑनलाइन जाहिरातीत ही गोष्ट अनेकदा सापडतच नाही.

पुढची पायरी मापाची. जुन्या प्लेअरच्या खाचेचे दोन ठरलेले आकार असतात. सिंगल डिन साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. डबल डिन तितकीच रुंद, पण १०० मिलिमीटर उंच. डबल डिनमध्ये ७ इंची स्क्रीन सरळ बसते. ९ किंवा १० इंची स्क्रीन त्या खाचेत मावत नाही. तिच्याभोवती त्या-त्या गाडीसाठी बनवलेली प्लॅस्टिकची चौकट लागते. दुकानात तिला ‘फ्रेम’ म्हणतात.

ऑनलाइन खरेदीत सर्वाधिक फजिती या फ्रेमपायीच होते. गाडीचं नाव तेच, पण आपली २०१७ची आणि फ्रेम नंतरच्या मॉडेलची, असं झालं की कडेला फट राहते किंवा एसीचं बटण अडकतं. म्हणून नुसतं नाव सांगू नका. कंपनी, मॉडेल, वर्ष आणि व्हेरिएंट हे चारही सांगा आणि सोबत डॅशबोर्डचा समोरून काढलेला फोटो दाखवा.

दुसरी अडचण कपलरची. कपलर म्हणजे गाडीच्या मूळ वायरिंगला न कापता जोडता येणारा प्लग. तो नसेल तर फिटर वायरी कापून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळतो. गाडी अजून वॉरंटीत असेल तर पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यावर कंपनी याच कापलेल्या वायरींकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते. स्टीअरिंगवरची बटणं आणि मूळचा रिव्हर्स कॅमेरा नव्या स्क्रीनवर चालू राहतील का, हेही आधीच विचारायचं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा डीकोडर लागतो.

आता किमतीची तुलना करता येईल. ऑनलाइन किमतीत फ्रेम, कपलर, जीपीएस अँटेना, लागला तर डीकोडर आणि फिटिंगची मजुरी मिळवा. दुकानदारालाही तसंच विचारा, ‘जीएसटीच्या पक्क्या बिलासकट, सगळं बसवून किती?’ फोनवरची किंमत त्याला दाखवायला अजिबात संकोचू नका, बहुतेक जण काही ना काही कमी करतात. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी शेजारीशेजारी दुकानं असतात, तिथे एका फेरीत खरा भाव कळतो. एवढं केल्यावर सुरुवातीला दिसलेला फरक बराच खाली येतो.

तरी ऑनलाइनच घ्यायचं ठरलं, किंवा आपल्या गावात असं दुकानच नसेल, तर काही गोष्टी सांभाळा. नामांकित वेबसाइट आणि तिच्यावर माल विकणारा विक्रेता हे दोघं वेगळे असतात, म्हणून विक्रेत्याचं नाव आणि पत्ता वाचा. वॉरंटी कंपनीची आहे की विक्रेत्याची, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, ते बघा. ‘परत घेऊ’ आणि ‘फक्त बदलून देऊ’ यांत मोठा फरक आहे. वस्तू सदोष नसून आपल्या गाडीत बसतच नसेल, तर बदलून मिळालेली तशीच दुसरी वस्तूही बसणार नाही.

ज्या फिटरकडून बसवायची, त्याच्याशी ऑर्डरपूर्वीच बोला. बाहेरून आणलेला माल बसवायला काही जण नकार देतात, आणि जे बसवतात ते पुढची जबाबदारी घेत नाहीत. यात त्यांचीही चूक नाही. दुसऱ्याने विकलेल्या वस्तूची हमी त्यांनी का द्यावी? पण स्क्रीन बंद पडली की विक्रेता म्हणतो फिटिंग चुकलं, फिटर म्हणतो माल खराब, आणि मध्ये आपण. दुकानातून घेण्याच्या बाजूने मला सर्वात मोठं वाटणारं कारण हेच आहे.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, बंद खोक्यावरच्या लेबलपासून सुरुवात करून. डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून बघायची सोय असेल तर खोक्यातलं सगळं मोजून मगच ओटीपी सांगा. पट्ट्या, पिशव्या, फोम काहीही फेकू नका. फिटरला म्हणा, आधी नुसती वीज जोडून स्क्रीन चालवून दाखव, मग स्क्रू आवळ. एकदा बसवल्याचे ओरखडे आले की परत घ्यायला नकार मिळण्याची शक्यता वाढते.

दुकानातून घेताना सावध राहायच्या जागा वेगळ्या आहेत. ‘चार जीबी रॅम’ म्हणून दोन जीबीची स्क्रीन देण्याचे प्रकार होतात, आणि स्क्रीनच्या सेटिंगमध्ये दिसणारा आकडाही खोटा घातलेला असू शकतो. आकड्यांवर विसंबण्यापेक्षा चालवून बघा. नकाशा लावा, सोबत गाणं चालू करा, मग रिव्हर्स गिअर टाका. कॅमेऱ्याचं चित्र लगेच आलं आणि परत नकाशावर येताना स्क्रीन अडखळली नाही, तर ठीक. स्क्रीन दुपारच्या उन्हात वाचता येते का, हेही बघा. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच स्क्रीन छान दिसतात. खोक्यावर आयातदाराचं नाव, कोणत्या देशात बनलं आणि एमआरपी छापलेली नसेल, तर ती वस्तू घेऊ नका.

फिटिंगच्या वेळी शक्य असल्यास जवळ थांबा. जीपीएसची अँटेना म्हणजे काड्यापेटीहून लहान, वायर असलेली काळी डबी. घाईत फिटर ती डॅशबोर्डच्या आत, धातूच्या पट्टीखाली कोंबतो, आणि मग आपली गाडी नकाशावर शेजारच्या गल्लीतून धावते. ती डबी काचेजवळ, आकाशाकडे तोंड करून हवी. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर तीही संदेश अडवते.

वीजजोडणीत एक खूण लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर स्क्रीन सगळी सेटिंग विसरत असेल, तर बॅटरीची कायमची वायर चुकीच्या जागी जोडली आहे. आणि चावी काढल्यावरही स्क्रीन चालूच राहत असेल, तर गाडी काही दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरलेली सापडेल. दोन्ही गोष्टी दुकान सोडण्याआधी तपासता येतात. एअरबॅगच्या वायरी याच परिसरातून जातात, म्हणून व्हिडिओ बघून घरी स्वतः खटपट करू नये.

पहिली चाचणी उघड्यावर घ्या. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ‘सिग्नल नाही’ दिसलं म्हणून चांगली यंत्रं परत पाठवली जातात. नवं यंत्र पहिल्यांदा उपग्रह शोधायला काही मिनिटं घेऊ शकतं. बोगद्यात ठिपका थांबला किंवा भरकटला, तरी तो बिघाड समजू नका.

एवढं करूनही वस्तू खराब निघाली, तर कायदा दोन्हीकडच्या ग्राहकाच्या पाठीशी आहे. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलं तरी सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही.

त्यासाठी मुदत २ वर्षांची असते, आणि थर्मल कागदावरचं बिल त्याच्या कितीतरी आधी पुसट होतं. बिलाचा आणि शिक्का मारलेल्या वॉरंटी कार्डाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच काढून ठेवा.