मोलिएरचा शेवटचा प्रयोग : एक नोंद व एक आख्यायिका

हरिभाऊ आपट्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ या प्रहसनाचा मूळ कर्ता, फ्रेंच नाटककार मोलिएर, हा रंगभूमीवरच मरण पावला असें सर्रास सांगण्यांत येतें. आजारी असतां बदली नट नसल्यामुळें तो उभा राहिला, हा या आख्यायिकेचा दुसरा भाग. दोहोंची छाननी करण्याजोगें साधन उपलब्ध आहे.

तें साधन म्हणजे मोलिएरच्याच मंडळींतील नट ला ग्रांज याची हस्तलिखित वही. आपल्याकडील रोजकीर्दीप्रमाणें तींत खेळाची तारीख, नाटकाचें नांव, उत्पन्न व वांटणी क्रमानें मांडली आहे. ती १८७६ सालीं छापली गेली.

‘ल मालाद इमाजिनेर’, म्हणजे ‘काल्पनिक रोगी’, हें नाटक ता. १० फेब्रुवारी १६७३ रोजीं पॅरिस येथें पाले-रोयाल नाट्यगृहांत प्रथम झालें. नायक आर्गां याची भूमिका मोलिएर स्वतः करी. ता. १७, शुक्रवार, चौथा प्रयोग. उत्पन्न १२१९ लिव्र. त्याच नोंदीखालीं ला ग्रांज लिहितो कीं, छातीच्या विकारानें व खोकल्यानें बेजार असतांही मोलिएरनें भूमिका केली, आणि खेळानंतर रात्रीं दहाच्या सुमारास रिशल्यू रस्त्यावरील राहत्या घरीं, खोकतांना शीर तुटून, त्याचा अंत झाला. म्हणजे आख्यायिकेचा पहिला भाग निराधार ठरतो.

आतां दुसरा. खेळ बंद ठेवण्याविषयीं पत्नीनें व तरुण नट बारों यानें विनविलें असतां, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या पन्नास गरीब कामगारांनीं काय करावें, असें मोलिएरनें विचारलें, ही हकीकत ग्रिमारेस्तच्या १७०५ मधील चरित्रांत येते. बत्तीस वर्षांनंतरच्या या लेखनाचें मोल बखरीइतकेंच. परंतु वहींतील नोंदी तिच्या आशयास पुष्टि देतात. मंडळी भागीदारीची होती. खर्च वजा जातां उत्पन्न भागीदारांत वांटलें जाई. खेळ नाहीं तर वांटणी नाहीं. मोलिएरच्या मृत्यूनंतर खेळाचे दोनच वार चुकले. ता. २४ रोजीं ‘ल मिझांत्रोप’ मधील त्याची भूमिका बारोंनें केली, आणि ता. ३ मार्च रोजीं ला तोरिलिएर आर्गां झाला.

तेव्हां भूमिकेस बदली मुळींच नव्हता असें म्हणतां येत नाहीं; पंधरा दिवसांत तो उभा राहिला. मात्र सातच दिवसांचें नाटक ता. १७ रोजीं दुसऱ्या कोणाच्या तोंडीं बसलें असेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. जागा भरली नाहीं ती मंडळीच्या चालकाची. त्याच वर्षीं ईस्टरच्या सुमारास हे दोघेही नट प्रतिस्पर्धी ओतेल द बूर्गोन्य मंडळीस मिळाले, व राजानें पाले-रोयाल नाट्यगृह संगीतकार ल्यूलीच्या स्वाधीन केलें. उरलेल्यांस मारे मंडळीच्या नटांशीं एक होऊन गेनेगो नाट्यगृहांत जावें लागलें.

संग्राहकांस एवढेंच सुचवावयाचें कीं, जुन्या नाटकमंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दी समजून टाकूं नयेत. आजारी नट उभा राहिला नसता तर कोणाच्या पोटास चिमटा बसला असता, हें पुष्कळदां त्या वह्यांवरूनच कळतें.